पित्ताची गोळी किती दिवस?

काही रुग्ण डॉक्टरांना बुचकळ्यात टाकतात. हाताची बोटं आखडून वळतात, ओठांभोवती मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, एखाद्याला थेट आकडीच येते. रक्त तपासलं तर कॅल्शियम कमी निघतं. शिरेतून कॅल्शियम दिलं की रुग्णाला बरं वाटतं, आणि थोड्याच दिवसांत पातळी पुन्हा घसरते. पोटॅशियमचंही तेच. सलाईनमधून चढवावं आणि त्यानं लघवीवाटे निघून जावं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं वागणं तर त्याहून अवघड कोडं असतं. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की आपलं संप्रेरक सोडून ते हाडांतून आणि मूत्रपिंडांतून परत मिळवायचं, हे या ग्रंथींचं काम. या रुग्णांत त्या गप्प बसलेल्या असतात.

या साऱ्याच्या मुळाशी एकच उणीव असू शकते, मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम फार उतरलं की पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडायचं जवळपास थांबवतात, आणि थोडंफार सुटलंच तर हाडं त्याला दाद देत नाहीत. मूत्रपिंडाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याच्या वाटा मॅग्नेशियममुळे आवरलेल्या असतात, त्याही मोकळ्या होतात. मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय कॅल्शियम आणि पोटॅशियम कितीही ओता, टिकत नाही. हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होतं. पित्ताची रोजची गोळी ही उणीव निर्माण करू शकते, हे मात्र २००६ सालापर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एपस्टाइन, मॅक्ग्राथ आणि लॉ या तीन डॉक्टरांचं एक छोटं पत्र छापून आलं. त्यात दोन रुग्णांची हकीकत होती. दोघांचंही मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलेलं, त्यामुळे कॅल्शियम उतरलेलं, आणि दोघंही वर्षाहून अधिक काळ ओमेप्राझोल घेत असलेले. ओमेप्राझोल बाजारात आलं १९८८ साली. म्हणजे जगभर कोट्यवधी लोकांनी अठरा वर्षं ही गोळी घेतल्यानंतर हा संबंध पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला. एवढा उशीर का झाला, याचं मोठं कारण साधं आहे. इलेक्ट्रोलाइट्स तपासा म्हटलं की प्रयोगशाळा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड सांगते. मॅग्नेशियम त्या यादीत नसतं. ते वेगळं लिहून मागावं लागतं, आणि शंका आल्याशिवाय ते कुणी मागत नाही.

दोन वर्षांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या टिम कंडी आणि दिसानायके या डॉक्टरांनी अशाच दोन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची तर्काची रीत मला फार सुंदर वाटते. शरीरातलं मॅग्नेशियम कमी होण्याच्या वाटा मुख्यतः दोनच. एक तर मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकत असणार, नाहीतर आतडी ते आत घेत नसणार. मग त्यांनी लघवी तपासली. लघवीत मॅग्नेशियम जवळजवळ नव्हतंच. मूत्रपिंडं आपलं काम चोख करत होती, हाती लागलेला कणन् कण परत रक्तात पाठवत होती. म्हणजे दोष आतड्यांकडचा. शिरेतून मॅग्नेशियम दिलं तर शरीर ते धरून ठेवत होतं, एवढी त्याची भूक होती. तोंडावाटे भरपूर मॅग्नेशियम दिल्यावर उणीव थोडी भरून निघाली, पूर्ण नाही. गोळी थांबवली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

दोष आतड्यांत नेमका कुठे, याचा एक धागा तोवर दुसऱ्याच दिशेनं हाती आलेला होता. जन्मतः मॅग्नेशियम शोषता न येणारी काही बाळं असतात. ती पहिल्या काही महिन्यांतच आकड्या घेऊन येतात. २००२ साली त्यांच्या आजाराचं मूळ एका जनुकात सापडलं. टीआरपीएम-६ हे त्याचं नाव. पेशीच्या भिंतीत मॅग्नेशियमला आत येण्यासाठी जे दार असतं, ते हे जनुक बनवतं. अन्नातलं बरंचसं मॅग्नेशियम लहान आतड्यात पेशींच्या फटींतून आपोआप झिरपतं, पण शेवटची काटेकोर वसुली मोठ्या आतड्यात या दारातून होते. पित्ताच्या गोळ्यांमुळे आतड्यातली आम्लता बदलते आणि या दाराचं काम मंदावतं, असं मानलं जातं. आतड्यातल्या जिवाणूंच्या वस्तीत होणारा बदलही त्याला हातभार लावत असावा. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या संशोधकांनी या विषयाचा चिकाटीनं पाठपुरावा केला. या गोळ्यांनी ज्यांचं मॅग्नेशियम उतरलं होतं अशा रुग्णांना त्यांनी इन्युलिन हा न पचणारा तंतुमय पदार्थ देऊन पाहिला, आणि पातळी काही अंशी सुधारली. टीआरपीएम-६ मध्ये काही बारीक फरक जन्मतः असलेल्यांना हा धोका जास्त, असंही त्यांच्या कामातून दिसलं. रोज गोळी घेणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकालाच त्रास का होतो, याचं थोडं उत्तर इथे आहे.

या गोळ्यांबद्दल तक्रार मांडताना त्यांनी काय दिलं तेही सांगायला हवं. साठ-सत्तरच्या दशकांत पोटातल्या अल्सरवर मोठ्या शस्त्रक्रिया होत. जठराकडे जाणारी नस कापत, जठराचा भाग काढून टाकत. अल्सर फुटून किंवा रक्तस्राव होऊन माणसं दगावत. शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या कामातून सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं आणि चित्र पालटू लागलं. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी स्वीडनमधल्या म्योल्न्दाल इथे घडवलेलं ओमेप्राझोल आलं. जठराच्या भिंतीतल्या पेशींत आम्ल बाहेर फेकणारी एक यंत्रणा असते, तिला प्रोटॉन पंप म्हणतात. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर दहा लाख पटींहून अधिक तीव्र आम्ल ती साठवू शकते. ओमेप्राझोल रक्तातून या पेशीत पोहोचतं, तिथल्या आम्लातच त्याचं खरं औषध बनतं आणि ते पंपाला कायमचं चिकटतं. औषध रक्तातून दोन-तीन तासांत नाहीसं होतं, पण बंद पडलेला पंप बंदच राहतो. नवे पंप तयार होईपर्यंत आम्ल कमीच. म्हणून दिवसाला एक गोळी पुरते, आणि म्हणूनच ती न्याहारीच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. अन्न पोटात आलं की पंप कामाला लागतात, आणि कामाला लागलेलाच पंप या औषधाच्या तावडीत सापडतो. चहा-पोहे झाल्यावर आठवण आली म्हणून घेतलेल्या गोळीचा बराच फायदा वाया जातो.

पुढे लॅन्सोप्राझोल आलं, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल आलं. नावं वेगळी, काम एकच. मॅग्नेशियमच्या बाबतीतही या साऱ्या गटावर सारखाच ठपका आहे.

आपल्याकडे या गोळ्या किती सहज घेतल्या जातात, ते पाहायला कुठल्याही गावातल्या मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहावं. ‘पित्त उठलंय, एक पॅन द्या.’ ‘घशाशी येतंय, पॅन-डीची स्ट्रिप द्या.’ कायद्यानं या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. चिठ्ठी असली तरी बहुतेकदा ती केव्हाची तरी असते. गुडघेदुखीच्या गोळीनं पोट बिघडू नये म्हणून पाच दिवस लिहिलेली गोळी गुडघा बरा झाल्यावरही चालू राहते. ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डावर ‘ओडी, बीबीएफ’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसातून एकदा, न्याहारीपूर्वी. किती दिवस, हे लिहिलेलं नसतं. नातेवाईक ते कार्ड जपून ठेवतात आणि दर महिन्याला औषधं भरून आणतात. प्रेमानं आणि काळजीनं आणतात, म्हणूनच यात कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. पण वर्षामागून वर्षं जातात, आणि ही गोळी मूळ कशासाठी सुरू झाली होती हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

पॅन-डीसारख्या कॅप्सूलबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्या देशात हा जोड अतोनात खपतो. त्यात साधारणपणे ४० मिलिग्रॅम पँटोप्राझोल आणि हळूहळू सुटणारं ३० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन असतं. डोम्पेरिडोन मळमळ आणि उलटीवरचं औषध. हृदयाचा प्रत्येक ठोका पडल्यानंतर विद्युतभार पूर्ववत व्हायला ठरावीक वेळ लागतो, तो वेळ डोम्पेरिडोन लांबवू शकतं. ईसीजीवर याला क्यूटी वाढणं म्हणतात. क्यूटी फार वाढला तर हृदयाची लय घातक रीतीनं बिघडू शकते. याच कारणानं युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१४ मध्ये डोम्पेरिडोनवर बंधनं घातली: फक्त मळमळ-उलटीसाठी, एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि सहसा आठवड्याहून अधिक नाही. आता मॅग्नेशियम उतरल्यावर काय होतं? तेव्हाही क्यूटी लांबतो. एकाच कॅप्सूलमधला एक घटक मॅग्नेशियम उतरवू शकतो, आणि मॅग्नेशियम उतरलेल्या रुग्णाला दुसरा घटक द्यायचा नाही अशी सूचना आहे. ही कॅप्सूल जळजळीसाठी महिनोन् महिने रोज घेण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही, आणि ते स्पष्ट शब्दांत सांगायला हवं असं वाटतं.

मग प्रत्यक्षात धोका किती? इथे घाबरवणं सोपं असतं, म्हणून आकडे नीट पाहू. २ मार्च २०११ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या गटाबद्दल जाहीर इशारा दिला. त्यांच्याकडे नोंदलेली ३८ आणि वैद्यकीय नियतकालिकांतून आलेली २३ प्रकरणं (काही दोन्हीकडे होती) त्यांनी तपासली होती. बहुतेकांनी वर्षाहून अधिक काळ गोळी घेतलेली होती, पण तीन महिन्यांतही त्रास झाल्याच्या नोंदी होत्या. सुमारे पाव रुग्णांत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, गोळी बंद करावी लागली. बंद केल्यावर साधारण आठवड्याभरात पातळी सुधारली. पुन्हा सुरू केलेल्यांत सुमारे दोन आठवड्यांत ती परत उतरली. बंद केल्यावर सुधारणं आणि सुरू केल्यावर पुन्हा बिघडणं यापेक्षा थेट पुरावा एखाद्या औषधाविरुद्ध क्वचितच मिळतो.

दुसरी बाजू कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताची. तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये केलेल्या अभ्यासात, या गोळ्या चालू असणाऱ्यांना मॅग्नेशियम उतरल्यानं रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त आढळली. पण मुळात अशी वेळ इतकी क्वचित येते, की नव्वद दिवसांच्या उपचारात असा एक जादा रुग्ण घडायला ७६,५९१ जणांनी गोळी घ्यावी लागेल, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे अल्सरसाठी दोन महिने गोळी घेणाऱ्यानं यासाठी झोप उडवून घ्यायची गरज नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७,५९८ हृदयरुग्णांना सुमारे तीन वर्षं पँटोप्राझोल किंवा खोटी गोळी दिली होती. या गोळ्यांवर न्यूमोनियापासून स्मृतिभ्रंशापर्यंत जे आरोप होत होते, त्यांपैकी आतड्यांचा संसर्ग थोडा वाढला, एवढंच त्यात दिसलं.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गटाची. रॉटरडॅममधल्या ९,८१८ लोकांच्या अभ्यासात, गोळी घेणाऱ्यांमध्ये मॅग्नेशियम कमी असण्याची शक्यता दुप्पट होती. सहा महिन्यांहून अधिक काळ घेणाऱ्यांत तिप्पट. आणि जोडीला पायावरच्या सुजेसाठी किंवा हृदयासाठी लघवीची जोरकस गोळी चालू असेल, तर सातपट. हे जुळून येतं. ऑकलंडच्या रुग्णांत आतडी बंद असली तरी मूत्रपिंडं तग धरून होती. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या नेमका तोच आधार काढून घेतात. आता आपल्या घरातली सत्तरीची माणसं डोळ्यांसमोर आणा. रक्तदाबाच्या गोळीत थायझाइड, कधी फ्युरोसेमाइड, मधुमेह (साखर फार वाढलेली असेल तर लघवीवाटे मॅग्नेशियमही जातं), भूक मंदावलेली, आणि सकाळी पहिली गोळी पित्ताची. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, वय झालं. वय झालेलं असतंच. पण मॅग्नेशियम तपासलेलं नसतं. अनियमित ठोक्यांसाठी डिगॉक्सिन चालू असेल तर हे अंगावर काढणं अधिकच धोक्याचं, कारण मॅग्नेशियम कमी असताना त्या औषधाची विषबाधा लवकर होते.

सीरम मॅग्नेशियमची तपासणी बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत होते. सामान्य पातळी डेसिलिटरला साधारण १.७ ते २.४ मिलिग्रॅम, प्रयोगशाळेप्रमाणे थोडाफार फरक. ठळक लक्षणं बहुधा १.२ च्या खाली दिसू लागतात. हा आकडा वाचताना एक भान हवं. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेलं मुख्यतः स्नायूंत आणि इतर पेशींत, आणि रक्तद्रवात एक टक्काही नाही. खिशातल्या सुट्ट्या पैशांवरून तिजोरीचा अंदाज बांधावा तसं हे आहे. आकडा कमी आला तर उणीव नक्की आहे. आकडा जेमतेम बरा आला म्हणून आत सगळं आलबेल आहे असं नाही. त्यामुळे लक्षणं असतील तर एका अहवालावर विषय संपवू नये. दीर्घकाळ गोळी घ्यावीच लागणार असेल, आणि त्यातही लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन सोबत असेल, तर सुरुवातीला एकदा आणि नंतर अधूनमधून मॅग्नेशियम तपासावं, असं २०११ च्या त्या इशाऱ्यातच म्हटलं होतं.

जुन्या पिढीच्या पित्तावरच्या औषधांत, म्हणजे पांढऱ्या-गुलाबी पातळ अँटासिडांत आणि चघळायच्या गोळ्यांत, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच असायचं, अजूनही असतं. ते पोटातल्या आम्लाला मारत असताना थोडं मॅग्नेशियमही शरीराला देई. आज त्यांची जागा घेतलेल्या गोळ्या उलट दिशेनं काम करतात. याचा अर्थ मॅग्नेशियमच्या बाटल्या आणून घरी प्यायला लागावं असा नाही. मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांच्या शरीरात ते साठतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. अन्नाची गोष्ट वेगळी. बाजरी, ज्वारी, नाचणी, हरभरा, शेंगदाणे, तीळ, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या, सगळ्यांत मॅग्नेशियम चांगलं आहे. पांढरा तांदूळ आणि मैदा यांत कोंड्याबरोबर बरंच निघून जातं. ज्वारीच्या भाकरीवरून मैद्याच्या पावावर आलेल्या घरात मॅग्नेशियमचं भांडवल घटतं. आपल्याकडच्या अनेक शाकाहारी लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाचीही वानवा असते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानं शाकाहारी कुटुंबांतली ती कमतरता ठळकपणे पुढे आणली. अन्नातलं बी-१२ सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं, हे या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

हे वाचून कुणी उद्या सकाळी गोळी फेकून देऊ नये. काहींना ती हवीच. अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेले, अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या घेणारे, अन्ननलिकेला गंभीर जखमा असलेले किंवा तिच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल झालेले, यांच्यासाठी ती ढाल आहे. यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही खंड पाडू नये. बाकीच्यांनाही एकदम सोडल्यावर त्रास होतो. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये ठणठणीत १२० स्वयंसेवकांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि नंतर चार आठवडे खोटी गोळी, अर्ध्यांना बारा आठवडे खोटीच. औषध बंद झाल्यावरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. या लोकांना मुळात पित्ताचा आजारच नव्हता! आम्ल दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं, आणि बंधन सुटताच जठर काही आठवडे जास्तच आम्ल करतं. ‘गोळी सोडली की पित्त वाढतं, म्हणजे मला ती लागतेच,’ या अनुभवामागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं मात्रा निम्मी करावी, मग दिवसाआड, मग लागेल तेव्हा. मधल्या आठवड्यांत फॅमोटिडीन किंवा साधं अँटासिड आधाराला घेता येतं. रॅनिटिडीन पूर्वी याच कामाला असे, पण त्यातल्या अशुद्धीच्या प्रश्नानंतर २०२२ मध्ये ते आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवणं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं, तंबाखू आणि दारू सोडणं, पोटाचा घेर कमी करणं, हे सगळं याच काळात सुरू केलं तर सोडणं सोपं जातं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या चालू गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. ही गोळी कशासाठी आणि कुठपर्यंत, एवढं विचारावं, आणि उत्तर चिठ्ठीवर तारखेसकट लिहून घ्यावं. तीन महिन्यांहून अधिक काळ चालणार असेल तर मॅग्नेशियम तपासायला हवं का, हेही विचारावं. औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर रुग्णाला स्वतःलाही तो कळवता येतो. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा अर्ज मराठीत उपलब्ध आहे आणि त्यांचा मोफत दूरध्वनी आहे १८००-१८०-३०२४.